डोळे मिटा, कोपर दाखवा: विज्ञान दिनाच्या दालनाच्या प्रकल्प नोंदी

4 जानेवारी 2025

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी वाचनालयामागची खोली मिळाली. मिरजेत काय किंवा कुठेही काय, विज्ञान प्रदर्शन म्हटलं की ज्वालामुखी, पवनचक्की आणि थर्माकोलचं हृदय ठरलेलं. यंदा विषय वेगळा: आपलं शरीर कुठे आहे, कसं हलतंय, हे आपल्याला न बघता कसं कळतं.

पहिल्याच बैठकीत एक अट घालून घेतली. आधी अंगावर अनुभव, मग भिंतीवर मजकूर. ज्या गोष्टीचा अनुभव देता येत नाही तिचा तक्ताही लावायचा नाही.

खोलीत शिरताना प्रश्न एकच. डोळे मिटा, उजवं कोपर मी वाकवतो तसं सैल सोडा, आणि डाव्या हाताने तेवढाच कोन करून दाखवा. जवळजवळ सगळे बरोबर दाखवतात. मग विचारायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बैठकीत सगळ्यांनी एकमुखाने 'सांध्याने' म्हटलं. फिजिओथेरपिस्ट ताई तेवढ्या हसत गप्प बसल्या होत्या. उत्तर आहे 'मुख्यतः स्नायूने', आणि ते शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला 1972 साल उजाडावं लागलं. दालनाचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा करायचा.

7 जानेवारी

इतिहास वाचून काढला. वाटलं होतं त्यापेक्षा बराच वळणावळणाचा निघाला.

चार्ल्स बेल यांनी 1826 मध्येच मांडलं होतं की मेंदू आणि स्नायू यांच्यात नसांचं वर्तुळ असतं: एक नस हुकूम घेऊन जाते, दुसरी स्नायूची खबर घेऊन येते. स्नायूंमधल्या त्या बारीक, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळत्या रचनेला 1863 मध्ये क्यूने यांनी स्पिंडल हे नाव दिलं. ती कशासाठी असते हे मात्र बराच काळ कळलं नव्हतं. 1894 मध्ये शेरिंग्टन यांनी दाखवलं की स्नायूकडे जाणाऱ्या नसेतले तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत तंतू मुळात खबर आणणारे असतात. शरीर कुठे आहे, कसं हलतंय याच्या या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात; ही संज्ञा त्यांनीच 1906 मध्ये रूढ केली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण विसाव्या शतकाच्या मध्यात वारं फिरलं. स्पिंडल फक्त प्रतिक्षिप्त क्रियांपुरते, जाणिवेपर्यंत त्यांची खबर पोचतच नाही, कोन सांगतो तो सांधा, असं पाठ्यपुस्तकं सांगू लागली. 1967 मध्ये गेल्फान आणि कार्टर यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या जाग्या रुग्णांच्या मनगटाजवळच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर) ओढून पाहिल्या. बोट हलल्यासारखं वाटलं का? रुग्ण म्हणाले, नाही. स्नायूंची बाजू पडलीच म्हणायची.

मग 1972 मध्ये ऑक्सफर्डला गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी कंडरेवर कंपन लावलं आणि माणसांना स्वतःच्या हाताची जागा चुकायला लागली. सांध्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. हाच प्रयोग आपल्या दालनाचा कणा.

11 जानेवारी

कंपन कशाने द्यायचं? दिवसभर हेच.

काम कसं चालतं ते आधी स्वतःसाठी लिहून ठेवतो, म्हणजे यंत्र कसं हवं ते ठरेल. स्पिंडल काही मिलिमीटर लांबीचा असतो आणि स्नायूच्या तंतूंना समांतर पडलेला असतो. स्नायू ताणला की तोही ताणला जातो आणि त्याच्याभोवती गुंडाळलेलं मज्जातंतूचं टोक संदेश सोडतं. हे तंतू शरीरातल्या सर्वांत जाड आणि वेगवान तंतूंपैकी. संदेश सेकंदाला 70 ते 120 मीटर वेगाने जातो. कंडरेवर सेकंदाला 80 वेळा टकटक केली तर प्रत्येक टकटकीला स्नायू केसभर ताणला जातो आणि स्पिंडल प्रत्येक वेळी 'ताणलो' अशी वर्दी देतो. मेंदूला टकटक ठाऊक नाही. तो समजतो, स्नायू लांब होत चाललाय. दंडाच्या पुढचा स्नायू लांब होतोय म्हणजे कोपर सरळ होत असणार, असा हिशेब तो परस्पर करून टाकतो.

म्हणजे हवं काय, तर 70 ते 100 हर्ट्‌झचं, छोट्या जागेत बसणारं, हलकं कंपन. मोबाइलची मोटर फारच दुबळी आणि तिचा वेग जास्त. सलूनमध्ये चंपीनंतर पंजावर बांधून डोक्यावर फिरवतात ते मशीन मागून आणलं. जोर भरपूर, पण वेग कमी-जास्त करता येत नाही. शेवटी 12 व्होल्टची मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड केलेली पितळी चकती, आणि हे सगळं पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बंद. मिनिटाला 4800 फेरे म्हणजे 80 हर्ट्‌झ. वेगासाठी रेग्युलेटर. कंपन किती आहे ते मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसतं.

14 जानेवारी

संक्रांत. काम बंद. तिळगूळ द्यायला आलेल्या मुलांना दाराच्या चौकटीत उभं करून कोन्स्टामचा खेळ करून दाखवला: हात सरळ खाली ठेवून पंजाची मागची बाजू चौकटीवर अर्धा-पाऊण मिनिट जोराने दाबायची, मग बाहेर येऊन हात सोडून द्यायचा. हात आपोआप वर तरंगतो. जर्मन डॉक्टर ऑस्कर कोन्स्टाम यांनी 1915 मध्ये याचं वर्णन केलं. स्नायू तुमच्या इच्छेशिवाय काम करत राहतो, आणि हुकूम तुम्ही दिलेला नसल्यामुळे हात हलका, जणू दुसऱ्याचा वाटतो. खर्च शून्य. दालनात प्रवेशद्वारीच ठेवायचा.

18 जानेवारी

सतारमेकर गल्लीतल्या मामांकडून कोन मोजायची चौकट करून घेतली. दोन सागवानी पट्ट्या, प्रत्येकीला कोपराच्या जागी बिजागरी आणि मोठा अर्धगोल कोनमापक. दोन्ही हात त्यावर आडवे बांधायचे; एक हात आम्ही ठेवू तिथे, दुसऱ्याने बघ्याने जुळवायचं.

मामांना काम समजावून सांगताना ते म्हणाले, "ह्यो कोन मोजून काय करायचंय सर? मी खुंटी पिळताना खुंटीकडं बघतच न्हाई." बरोबर आहे. खुंटी किती फिरली आणि किती घट्ट बसली, दोन्ही त्यांच्या हाताला कळतं. घट्टपणाची, म्हणजे जोराची खबर देणारी यंत्रणा वेगळी असते. ती कंडरेच्या मुळाशी बसलेली असते आणि गॉल्जी यांच्या नावाने ओळखली जाते. मामांचा हात तक्त्यावर घ्यायचं ठरलं. फोटोला मात्र ते तयार नाहीत.

19 जानेवारी

पहिली खरी चाचणी. मोटर दंडाच्या पुढच्या स्नायूच्या खालच्या कंडरेवर, कोपराच्या जरा वर, पट्ट्याने बांधली. आणि झालं भलतंच: हात आपसूक वाकायला लागला. कंपनाने स्पिंडल चेतवला की मेरुरज्जूच्या पातळीवरच स्नायूला आकुंचनाचा हुकूम मिळतो. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो त्याच्याच कुळातली ही क्रिया. ताईंना हे अपेक्षित होतं.

मनगट पट्टीला वेल्क्रोने बांधून टाकलं. आता हात हलूच शकत नाही, आणि गंमत सुरू होते. डोळ्यांवर पट्टी, हात सैल. दहा-पंधरा सेकंदांत भाचा म्हणाला, "उघडतोय हात." दुसरा हात तो बाहेर, सरळ करत नेत होता, बांधलेला हात जागचा हलला नव्हता. ऑक्सफर्डच्या प्रयोगात ही चूक 40 अंशांपर्यंत गेली होती. आमच्याकडे तेवढी गेली नाही, पण कोनमापकावर लांबून दिसावी एवढी नक्की.

मला स्वतःला विशेष वाटलं ते असं की हात उघडत जातो आहे असं वाटतं, पण कुठे पोचला ते मात्र नीट सांगता येत नाही. हालचाल एकीकडे आणि जागा दुसरीकडे, असं काहीतरी. हे वाचलेलं होतं: स्पिंडलमधल्या एका प्रकारच्या टोकांना ताणाचा वेग जास्त कळतो, दुसऱ्या प्रकारच्या टोकांना ताणाची लांबी, आणि कंपन पहिल्यांना अधिक छेडतं. वाचणं आणि अंगावर येणं यात हा फरक.

25 जानेवारी

कोन जुळवण्याचे आकडे एका माणसाचेसुद्धा दोन वेळा सारखे येत नाहीत. चौकट तपासली, बिजागऱ्या तपासल्या. दोष चौकटीत नाही, स्नायूत आहे.

स्नायू मधल्या काळात काय करत होता यावर स्पिंडल किती ताठ राहील हे ठरतं. हात पूर्ण दुमडून स्नायू क्षणभर आवळा, मग सैल सोडून मधल्या कोनावर आणा: पुढचा स्नायू आता लांबवला गेला, त्याचे स्पिंडल ताठ, मागचा आखूड झाला, त्याचे स्पिंडल कपडे वाळत घालायच्या जुन्या दोरीसारखे झोल पडलेले. हात असतो त्याहून सरळ वाटतो. उलट, हात लांब करून आवळला आणि मग त्याच कोनावर आणला तर असतो त्याहून वाकलेला वाटतो. सांधा तोच, कोन तोच, उत्तरं दोन. ऑस्ट्रेलियातल्या उवे प्रॉस्के आणि सहकाऱ्यांनी हे 1980 च्या दशकापासून सविस्तर तपासलंय.

आता प्रत्येक मोजणीआधी दोन्ही हात सारखेच दुमडून, आवळून, सैल सोडून सुरुवात. त्यानंतर आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. पण मला हा घोळ इतका आवडला की त्याचंच वेगळं टेबल करतोय. कंपनाची मोटर नको, वीज नको, आणि 'सांध्याने सांगितलं' या उत्तराची सरळ विकेट.

1 फेब्रुवारी

बिनखर्ची आणखी एक. मधलं बोट त्याच्या मधल्या सांध्यात काटकोनात वाकवा, बाकीची तिन्ही बोटं सरळ ताठ. आता मधल्या बोटाचं शेवटचं पेर हलवून दाखवा. हलत नाही, लुळं पडलंय. बोटांच्या या ठेवणीत त्या पेरापर्यंत पोचणाऱ्या स्नायूंची पकडच सुटते. सांधा मात्र जसाच्या तसा. गँडेविया आणि मॅक्लॉस्की यांनी 1976 मध्ये नेमकं हेच वापरलं. स्नायू सुटलेल्या अवस्थेत कुणी ते पेर हलवलं तर कळतं कमी. ठेवण बदलून स्नायू पुन्हा जोडले की जाण सुधारते. सांधा आणि कातडी काहीच सांगत नाहीत असं नाही, बोटांच्या बाबतीत त्वचेचा ताण बऱ्यापैकी मदत करतो. पण मुख्य साक्षीदार कोण, ते दिसतं.

याच्या शेजारी दोन ओळींचा तक्ता. पहिली: खुब्याचा अख्खा सांधा काढून धातूचा बसवलेल्या रुग्णांनाही पाय कुठे आहे ते कळत राहतं, हे 1973 मध्ये नोंदवलं गेलं. दुसरी: 1983 च्या प्रयोगात संशोधकांपैकी एकाने स्थानिक भूल घेऊन स्वतःच्याच पायाच्या अंगठ्याची कंडरा उघडी करून ओढून घेतली, आणि त्याला अंगठा हलल्याचं जाणवलं. 1967 च्या 'नाही' ला उत्तर द्यायला असला हट्टी माणूसच लागतो.

6 फेब्रुवारी

संध्याकाळी मल्लखांबाच्या वर्गावर. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा प्रकार, आणि आमच्या विषयाला याहून जवळचं काय असणार? एका मुलीने डोळ्यांवर पट्टी बांधून दोन पकडी आणि एक उतरंड करून दाखवली. डोकं खाली असताना कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा 'उलटा आहेस' एवढं सांगते. मांडीची पकड कुठे बसली आहे ते ती सांगू शकत नाही. ते मांडीनेच सांगायचं.

सरांना विचारलं, सरावाने मुलांचे स्पिंडल वाढतात का असं लोक विचारतील, काय सांगू? ते म्हणाले, ते तुम्ही बघा, मी पहिले काही दिवस मुलांचे हातपाय स्वतः धरून जागेवर ठेवतो, तोंडाने फार सांगत नाही. स्पिंडल जन्माआधीच तयार झालेले असतात. सराव पालटतो तो खबर वाचणारा, म्हणजे मेंदू.

9 फेब्रुवारी

इयन वॉटरमन यांच्या तक्त्यावर वाद. ताईंचं म्हणणं, अनुभव देता येत नाही तर आपल्याच अटीप्रमाणे तक्ता नको. माझं म्हणणं, त्याच्याशिवाय दालन नुसतं जादूचे प्रयोग होईल.

1971 साल, जर्सी बेट, वय 19, मांसाच्या दुकानात काम. विषाणूच्या संसर्गानंतर त्यांच्याच प्रतिकारशक्तीने मानेखालच्या जाड संवेदी तंतूंवर हल्ला केला. वेदना, थंड-गरम कळत होतं, स्नायूंची ताकद शाबूत होती. पण मानेखाली स्पर्श नाही आणि हातपाय कुठे आहेत याचा पत्ता नाही. लकवा नव्हता, तरी उठून बसता येईना. पुढे त्यांनी प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून, विचार करून करायला शिकून घेतलं आणि ते चालू लागले. दिवे अचानक गेले तर मात्र कोसळत. डोळे उघडे असताना निभतं, मिटले की नाही.

या विषयाचा अलीकडचा धागाही इथेच जोडला. ताण कळण्यासाठी पेशीच्या पडद्यात पिझो-2 नावाचं प्रथिन लागतं. पिझो प्रथिनं 2010 मध्ये आर्डेम पातापुतियान यांच्या प्रयोगशाळेत सापडली आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याचाच. 2016 मध्ये जन्मतः पिझो-2 काम न करणाऱ्या दोन मुलींची नोंद आली, एक 9 वर्षांची, दुसरी 19. डोळे मिटवून कुणी त्यांचा सांधा वर-खाली केला तर दिशा सांगता येत नव्हती.

तडजोड: तक्त्यासमोर बंद डोळ्यांनी सुईत दोरा ओवण्याचा प्रयत्न करायचा. ताई म्हणाल्या, ते जमत नाही ते दोरा बघायला लागतो म्हणून, प्रोप्रिओसेप्शनमुळे नाही. खरं आहे. सुई-दोरा रद्द. तक्ता अटीला अपवाद म्हणून राहिला.

15 फेब्रुवारी

रोंबर्गचा कोपरा. पाय जोडून उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये मॉरिट्झ रोंबर्ग यांनी नोंदवलं की मेरुरज्जूच्या मागच्या बाजूने खबर नेणाऱ्या वाटा बिघडलेले रुग्ण डोळे मिटताच डगमगतात. तोल तिघांवर उभा असतो, डोळे, आतला कान, आणि पाय-घोट्याचे स्नायू नि तळवे. डोळे मिटले की उरलेल्या दोघांवर भार. जुने डॉक्टर रुग्णाला विचारायचे, बेसिनवर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? हा प्रश्न इथेही जसाच्या तसा विचारता येतो.

आमच्याकडे हा कोपरा शोभेचा नाही. याच वाटा बी-12 च्या कमतरतेने खराब होतात, आणि हे जीवनसत्त्व शाकाहारात दुधा-दह्याबाहेर जवळपास मिळत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर मातांमध्ये निम्म्याहून अधिक जणींत बी-12 कमी असल्याचं दाखवलंय. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते घटतं. शिवाय मधुमेह स्वतः पायाच्या नसा बोथट करतोच. ताई 128 हर्ट्‌झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) घेऊन बसतील, पायाच्या अंगठ्यावर थरथर कळते का ते पाहायला.

ताईंचे नियम: प्रत्येकामागे एक आणि पुढे एक स्वयंसेवक, हात पसरून. चक्कर येणाऱ्यांनी करायचं नाही. निदान कुणी तोंडाने सांगायचं नाही. डगमगला तर एवढंच, 'डॉक्टरांना दाखवा'. मोटरच्या टेबलावर ताजं फ्रॅक्चर, सूज, रक्ताच्या गुठळीचा इतिहास असलेल्यांना मनाई.

22 फेब्रुवारी

रंगीत तालीम. कालपासून दहावीची परीक्षा, त्यामुळे स्वयंसेवक आठवी-नववीचे. ठीकच आहेत, जास्त उत्साही.

नाकाचा प्रयोग जमला. जेम्स लॅक्नर यांनी 1988 मध्ये वर्णन केलेला: डोळे मिटून बोटांनी नाकाचं टोक धरायचं आणि दंडाच्या पुढच्या कंडरेला कंपन द्यायचं. मेंदूला वाटतं हात लांब चाललाय. पण बोटं तर नाकावरच आहेत. दोन्ही खबरी खऱ्या मानायच्या तर एकच तोडगा उरतो, आणि मेंदू तो घेतो: नाक लांब होतंय. सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतं ते किंचाळतात.

खोलीतला आवाज कमी करायला मोटरच्या पाइपात फोम कोंबला.

28 फेब्रुवारी

गर्दी अपेक्षेबाहेर. रांग नाकासाठी.

नववीतल्या एका मुलीचा प्रश्न दिवसातला सर्वांत चांगला: "हात बांधलेला आहे हे मला माहीत आहे, तरी तो हललेला का वाटतो?" तिला सांगितलं की हा हिशेब तुझ्या माहितीला विचारून होत नाही. पट्टी काढून डोळे उघड, बघ. तिने उघडले आणि भ्रम क्षणात मोडला. डोळ्यांचं मेंदू ऐकतो, ज्ञानाचं ऐकत नाही. तिने हे वहीत लिहून घेतलं, आणि मग पुन्हा रांगेत उभी राहिली.

दुपारी एक गृहस्थ आले, खुबा बदललेला, काठी घेऊन. दोन ओळींचा तक्ता वाचून म्हणाले, हे माझ्यावर करून बघा. ताईंनी त्यांना कोचावर आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि पाय हळूच बाजूला सरकवला. "बाहेर." परत. "आत." थोडासाच. "बाहेर, पण थोडासाच." ते उठून बसले आणि बायकोला म्हणाले, "बघ, सांधा कंपनीचा, पण पाय माझाच आहे." तिथून ते मधल्या बोटाच्या टेबलावर गेले आणि बराच वेळ तिथेच होते.

रोंबर्गच्या कोपऱ्यात काही ज्येष्ठांना 'डॉक्टरांना दाखवा' सांगावं लागलं.

2 मार्च

आवराआवर. एका मोटरचा दांडा वाकलाय, चकती पितळेऐवजी लोखंडाची आणि लहान करून बघायची. वेल्क्रोच्या जागी पुढच्या वेळी रुंद कापडी पट्टा. घामाने वेल्क्रो सुटत होता. रेग्युलेटरवर 80 च्या जागी लाल खूण करायची, मुलं तो पूर्ण फिरवतात आणि मग म्हणतात काहीच होत नाही. चौकट मामांकडे बिजागऱ्या घट्ट करायला.

मल्लखांबाच्या सरांनी उन्हाळी शिबिरासाठी बोलावलंय. मैदानावर विजेची सोय नाही. तेव्हा मोटर न्यायचीच नाही; कोन्स्टाम, मधलं बोट आणि आवळून-सोडून कोन जुळवणं, एवढं पुरे. चौकटीऐवजी भिंतीवर खडूने कोन आखता येतील.